अर्धी जखम सासऱ्यांची, अर्धी सुनेची

मी एका उजव्या गुडघ्यावरचा व्रण बोलतो आहे.

दोन कारागिरांच्या पैजेची कथा बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेली असते. एका रूपात दोन विणकर एकच शेला अर्धा अर्धा विणतात आणि राजा त्यातला सांधा शोधत बसतो. दुसऱ्यात दोन चितारी समोरासमोरच्या भिंती रंगवतात. तिसऱ्यात दोन सुतार एकाच दाराची दोन कवाडे घडवतात आणि दार काही केल्या लागत नाही. हे रूप विनोदी असल्याने मुलांना अधिक आवडते. रूपे बदलली तरी सांगाडा तोच राहतो. दोन हात, एक वस्तू, एक पंच, आणि अखेरीस एकाची मान खाली. जिच्यावर पैज लागली त्या वस्तूला मात्र कोणत्याही रूपात तोंड दिलेले नाही. शेल्याला काय वाटले, हे आजवर एकाही कथेकऱ्याने विचारले नाही. माझ्या कथेत कारागीर दोन आहेत, पैज आहे आणि पंचही आहे. मात्र या खेपेस शेला बोलतो आहे. पाठभेद म्हणून एवढी नोंद करून मी पुढे जातो.

माझा जन्म एका नव्या न्हाणीघरात झाला. ज्यांच्या गुडघ्यावर मी आहे ते फरशी बसवण्याचे काम करतात. त्यांना सगळे ‘काटकोन’ म्हणतात, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेले आहे. कोणाच्याही घरात शिरले की त्यांची नजर प्रथम कोपऱ्यात जाते. त्यांच्या पत्नी बस आगारात गाड्यांच्या वेळा पुकारतात, त्यामुळे त्यांचे खासगी बोलणेही शेजारच्या गल्लीला ऐकू जाते. त्या सांगतात, “पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी कोपरा बघितला. म्हणाले, थोडा बाहेर गेलाय. मला वाटलं, बाबा घराबाहेर गेलेत असं म्हणतायत!”

त्या दिवशी शेवटची एकच फरशी राहिली होती. मागे सरकताना काटकोनांचा गुडघा एका फुटक्या तुकड्यावर टेकला. चकचकीत फरशी अखंड असते तोवर सभ्य असते. फुटली की तिच्या अंगात वस्तरा येतो. गुडघ्याच्या वाटीखाली आडवी चीर पडली आणि मी उघडलो. तेव्हा मी नुसती जखम होतो, व्रण व्हायला अवकाश होता. काटकोनांनी आधी ती शेवटची फरशी ठोकून बसवली, ओला बोळा फिरवून सांध्यातले सिमेंट पुसले, आणि मग खाली पाहिले. माणसाला स्वतःच्या रक्तापेक्षा स्वतःचे काम आधी दिसते, हे माझे पहिले निरीक्षण.

माझी जागा अवघड होती. पाय सरळ केला की माझे दोन्ही ओठ मिटत आणि गुडघा वाकवला की उघडत. पाठीवरच्या किंवा पोटावरच्या जखमेला अशी रोजची ओढाताण नसते. गुडघ्यावरची जखम म्हणजे उंबऱ्यावर बसलेला पाहुणा. येणाराजाणारा प्रत्येक जण त्याला हलवणारच.

रुग्णालय लहान होते. ते दोन शल्यविशारद चालवत, आणि त्या दोघांचे घरातले नाते सासरा आणि सून असे होते. शांतपणे बोलणे चालू असले की ती त्यांना ‘बाबा’ म्हणे आणि ते तिला ‘सूनबाई’. मतभेद झाला की ती ‘सर’ म्हणू लागे, ते ‘डॉक्टर’ म्हणू लागत, आणि तिथल्या सिस्टर दोन्ही दारे लावून घेत.

टेबलावर आडवे होताच काटकोनांनी पहिला प्रश्न विचारला. “डॉक्टरसाहेब, गुडघा टेकता येईल ना?”

“आधी शिवू तर द्या.”

“शिवा हो. पण उभ्याने फरशी बसत नाही. गुडघा टेकता आला नाही तर मी घरी बसलो म्हणून समजा.” गावातल्या नव्या ग्रंथालयाच्या दालनाची फरशी त्यांच्याकडे आली होती. चार रंगांच्या दगडांची नक्षी, आणि सगळी एकाच हाताची हवी असा आग्रह होता. दालनाचे छत पूर्ण झाले की काम सुरू व्हायचे होते. आयुष्यभर त्यांनी न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरे केली होती. लोकांनी उभे राहून बघत बसावे असे काम प्रथमच आले होते.

गुडघ्यापुरती भूल दिली, मला धुतले, आतले बारीक खडे वेचले. मग खालचा थर शिवायला दोघांनी मिळून घेतला. त्यासाठी शरीरात आपोआप विरघळणारा धागा असतो. त्या थराबद्दल दोघांत एका शब्दाचाही वाद झाला नाही. एकाने धरले, दुसऱ्याने टोचले, गाठी आत गेल्या. वाद वरच्या कातडीपाशी सुरू झाला.

“सुटे टाके,” थोरले डॉक्टर म्हणाले. “प्रत्येकाची गाठ वेगळी. ओढ बसणारी जागा आहे. एक तुटला तर बाकीचे धरून राहतात. आत पाणी साचलं तर एक काढायचा, वाट करून द्यायची.”

“आणि शिडीसारखे वण राहतात. कातडीच्या पोटातून सलग एक धागा घातला तर बाहेर फक्त रेघ दिसते. वेळ निम्मा, टोचणं कमी.”

“सलग धागा तुटला की सगळी रेघ ढिली पडते, डॉक्टर.”

“घट्ट आवळलेला सुटा टाका कातडी कापतो, सर.”

सिस्टरांनी दारे लावली. पण आत पेशंट जागा होता आणि पेशंटच्या पत्नी तर बाहेरूनही ऐकत होत्या.

तेव्हा सून म्हणाली, “बाबा, आपण हा वाद निदान शंभर गुडघ्यांवर घातलाय. पण तुमचा पेशंट वेगळा, माझा वेगळा. कोणाची कातडी जाड, कोणाला मधुमेह. तुलना होणार कशी? एकाच जखमेवर दोन्ही केलं तर? माणूस तोच, कातडी तीच, पट्टी तीच.” मग ती काटकोनांकडे वळली आणि अगदी सावकाश म्हणाली, “दोन्ही पद्धती नेहमीच्या आहेत, दोन्ही चालतात. तुम्ही नाही म्हणालात तर एकाच पद्धतीने करू. मनात काही ठेवू नका.”

काटकोनांनी दोघांकडे पाहिले. “दोन्हींनी गुडघा टेकता येईल?”

“दोन्हींनी,” दोघेही एकदम म्हणाले. त्या दिवशीचे हे दुसरे एकमत.

“मग करा. निकाल कोण लावणार?”

“ज्याचा गुडघा, तो,” थोरले डॉक्टर म्हणाले.

दाराआडून आवाज आला, “म्हणजे आता आमच्या घरी एकाच गुडघ्यात सासरा आणि सून नांदणार! त्यांच्या घरात मावली नाहीत का भांडणं?”

सिस्टरांनी नाणे उडवले. जखमेची आतली, म्हणजे दुसऱ्या पायाकडची, अर्धी बाजू थोरल्यांना आली, बाहेरची सुनेला.

दोन्ही पद्धती मी एकाच वेळी अंगावर घेतल्या, तेव्हा तुलनेचा अधिकार मला आहे असे मी मानतो. थोरल्यांची सुई एका काठातून शिरे, दुसऱ्यातून निघे, गाठ बसे, धागा कापला जाई, आणि पुन्हा नव्याने आरंभ होई. प्रत्येक टाका स्वयंपूर्ण. आपापली भिंत असलेल्या घरांची ती ओळ होती. सुनेचा धागा टोकाला एकदा आत शिरला आणि मग कातडीखालून या काठाला एक घोट, त्या काठाला एक घोट घेत नागमोडी निघाला. शेवटी तिने तो हलकेच ओढला आणि माझे दोन्ही काठ आपसूक जवळ आले. पहिल्यात शिस्त होती, दुसऱ्यात लय होती. श्रेष्ठ कोणते हे त्या क्षणी मला सांगता आले नसते, आणि ज्यांना सांगता येते त्यांच्या ज्ञानाविषयी मी साशंक असतो.

सुनेचे संपले तेव्हा थोरल्यांचे अजून बरेच उरले होते.

“बाबा, चहा टाकू का?”

“टाक. आणि लक्ष ठेव, चहाचं आणि तुझ्या टाक्याचं एकच. एका जागी बिघडला की सगळाच बिघडतो.”

पायाच्या मागे कडक पट्टी बांधली गेली. टाके काढेपर्यंत गुडघा वाकवायचा नाही, टेकायचा तर स्वप्नातही नाही, अशी ताकीद मिळाली.

याच काळात मला माझे खरे काम कळले. लोक समजतात की धागा जखम सांधतो. धागा फक्त दोन काठांना शेजारी बसवून ठेवतो. भांडण मिटवायला आणलेल्या वडीलधाऱ्यासारखा. सांधायचे काम काठांचे, म्हणजे माझे. मी तंतू पसरत होतो, या काठाचा त्या काठाला देत होतो. आतली बाजू थोडी सुजली होती, कारण गाठी घट्ट होत्या. बाहेरची बाजू शांत होती. सुनेची सरशी होणार, असे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरही दबक्या आवाजात म्हणू लागल्या होत्या.

मग ती चूक घडली. फरशीवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ती घडली नसती.

काटकोन ड्रेसिंगला आले होते. जिना चढताना अडचण होते म्हणून पायाची कडक पट्टी सोडून त्यांनी काखेत धरली होती. रुग्णालयाच्या बोळातून औषधांची गाडी चालली होती. तिचे चाक एका फरशीवरून गेले आणि आवाज जरा वेगळा आला. इतर कोणाच्या कानाला तो लागला नसता. काटकोन थबकले. मागे आले. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, कसलाही विचार न करता, उजवा गुडघा टेकून खाली बसले व बोटाच्या पेराने फरशी वाजवू लागले.

“अहो! अहो, काय करताय?” सिस्टर धावत आल्या.

“पोकळ आहे. खाली सिमेंटचा माल भरलेलाच नाही. कोणी बसवली ही?”

“फरशी राहू द्या, खाली बघा!”

त्यांनी पाहिले. जखमेवरच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला होता आणि तो हळूहळू पसरत होता.

आत काय झाले ते मी सांगतो. ओढ बसली तेव्हा थोरल्यांचे टाके करकचले, पण प्रत्येकाने आपापला भार उचलला. सुनेच्या सलग धाग्याने भार पुढच्या घोटाला दिला, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि अखेर टोकाची गाठ निसटली. धागा ढिला पडला. बाहेरच्या टोकाला मी पुन्हा उघडलो. फार नाही, बोटाच्या नखाएवढा. खालच्या थराने मात्र, जो दोघांनी मिळून शिवला होता, तसूभरही जागा सोडली नाही.

टेबलावर पडलेल्या काटकोनांचा चेहरा पांढरा पडला होता. “गेला ना गुडघा?”

त्यांच्या पत्नी या वेळी आत आल्या होत्या. आगारभर घुमणारा तो आवाज अगदी बारीक झाला होता. “यांना ओरडू नका हो. यांचं काम गेलं तर हे घरातल्या फरश्या उकरून परत बसवत बसतील.”

सुनेने पट्टी उचलून पाहिले. पैज तिच्या डोळ्यांसमोर तिच्या विरुद्ध गेली होती. दोन कारागिरांच्या कथेत या ठिकाणी जिंकलेला कारागीर हसतो. तसा संकेतच आहे. मी थोरल्यांच्या हसण्याची वाट पाहिली.

त्यांनी हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला आणि सुनेच्या समोरच्या बाजूला, जिथे मदतनीस उभा राहतो तिथे, जाऊन उभे राहिले.

“काय करायचं, सूनबाई?”

“खालचा थर शाबूत आहे. जखम स्वच्छ आहे. सैल भाग काढते आणि टोकाला दोन-तीन सुटे टाके घालते. मॅट्रेस टाके.” मग म्हणाली, “तुमची पद्धत.”

“माझी कसली? मला कोणी शिकवली तेव्हा मीही तोंड वाकडं केलं होतं. घाल. धागा मी कापतो.”

मॅट्रेस टाका म्हणजे दुहेरी पकड. सुई आधी काठापासून लांबून खोल जाते, परत येताना जवळून वरवर येते. एकाच धाग्याने खोलातले आणि वरचे दोन्ही धरले जाते. सुनेने गाठ आवळली.

“अंमळ सैल,” थोरले म्हणाले. “उद्या सूज आली की आपोआप घट्ट होईल. मी आतल्या बाजूला तिथेच चुकलो. दिसतंय ना, कातडी कशी चिमटल्यासारखी झालीय?”

“दिसतंय. मी बोलले नव्हते.”

“घरी बोलली असतीस.”

“हो, घरी नक्की बोलले असते,” सून म्हणाली. पत्नींना हसू आले, त्यांच्या पाठोपाठ काटकोनांनाही, आणि पोट हलले तर पाय हलेल म्हणून सिस्टरांनी सगळ्यांना दटावले.

“आता गुडघ्याचं सांगा,” काटकोन म्हणाले.

थोरल्यांनी सुनेकडे पाहिले. उत्तर तिने दिले. “गेलेला नाही. उशीर होईल एवढंच. पण या वेळी पट्टी काखेत नको.”

यानंतरचे दिवस कोणतीही कथा सहसा सांगत नाही, कारण त्यांत काही घडत नाही. ते बरे होण्याचे दिवस असतात. टाके निघाले. खपली धरली, सुटली. मी लालसर होतो, मग गुलाबी झालो. आता वाकवायचे होते आणि काटकोन वाकवत नव्हते. मी धरेन याची त्यांना खात्री नव्हती; खरे सांगायचे तर मलाही नव्हती. ते खुर्चीत पाय सरळ ठेवून बसत आणि ग्रंथालयाच्या नक्षीचा कागद पाहत राहत.

एका संध्याकाळी पत्नी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि आगारातल्या आवाजात पुकारू लागल्या, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. गुडघा वाकवण्याची गाडी फलाटाला लागली आहे. ही गाडी आजही चुकवल्यास प्रवाशाला जेवण मिळणार नाही.”

शेजारच्या गल्लीतून कोणीतरी हसले. काटकोनांनी गुडघा वाकवला. थोडा. मी ताणलो, कुरकुरलो आणि टिकलो. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा आली. मग रोज येऊ लागली.

शेवटच्या तपासणीला दोघेही डॉक्टर हजर होते. माझी आतली बाजू भक्कम पण खुणांची होती. आडव्या रेघेवर बारीक उभ्या रेघा, ताणली की ओढणाऱ्या. बाहेरची बाजू निम्म्यापर्यंत इतकी सफाईची होती की बोट फिरवल्याखेरीज कळू नये, आणि टोकाला तिच्यावरही उभ्या रेघा आल्या होत्या.

“तर मग, पंच,” थोरले म्हणाले. “निकाल?”

काटकोनांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. “ही खाजते, ही ओढते. हे टोक कोणाचं म्हणायचं?”

“टाके माझे, पद्धत बाबांची.”

“आणि सैल ठेवायचा सल्ला?”

“तो माझा,” थोरले म्हणाले, “पण चुकून शिकलेला.”

“एकूण निकाल रद्द,” सून म्हणाली. “पेशंटने मध्येच बोळात गुडघा टेकला. आता यातून काही सिद्ध होत नाही. परत एक जखम शोधावी लागेल.”

“आमच्या घरी शोधू नका,” पत्नी म्हणाल्या.

त्या रुग्णालयात तेव्हापासून, ओढ बसणाऱ्या जागी सून सुटे टाके घालते आणि चेहऱ्यावरची जखम आली की थोरले डॉक्टर तिला हाक मारतात, असे सिस्टर सांगतात. त्यांचा वाद मिटलेला नाही. तो आता दोन्ही बाजूंनी अधिक माहितीनिशी चालतो, आणि विद्वानांच्या वादाचे याहून चांगले फलित मला ठाऊक नाही.

माझी आजची स्थिती अशी: मी फिकट होत चाललो आहे. मूळच्या कातडीइतका चिवट मी कधीच होणार नाही. जे एकदा तुटले ते जवळपास तसे होते, अगदी तसे होत नाही. पण कामापुरता मी पुरेसा आहे. ज्यांच्या अंगावर माझा कोणी भाऊबंद असेल त्यांना एवढेच विनवतो. त्याला काही महिने कडक ऊन लागू देऊ नका, तेलाचे बोट फिरवत जा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा वाकवायला घाबरू नका. तो कोणाच्या टाक्यांनी जुळला याची चौकशी जरूर करा; जुळला तो तुमच्याच अंगाने, हेही ध्यानात असू द्या.

कथेची इतर रूपे राजाच्या निवाड्यापाशी थांबतात. हे रूप ग्रंथालयाच्या दालनात थांबते.

छत पूर्ण झाले होते. जमिनीवर दोऱ्या ताणलेल्या होत्या, दगड रंगांनुसार लावून ठेवले होते. काटकोन ठेंगण्या स्टुलावर बसून काम करू पाहत होते. स्टुलावरून हात पोहोचत होता, पण अंगाचा भार हाताबरोबर येत नव्हता, आणि दगड हवा तसा बसत नव्हता. त्यांनी तो उचलला, खालचा माल पुन्हा सारखा केला. मग स्टूल पायाने मागे सारले, जाड गादीचा तुकडा पुढे ओढला आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून हळूहळू खाली आले.

उजवा गुडघा टेकला. मी ताणलो. आतली बाजू ओढली, बाहेरची थोडी खाजली, आणि मी मिटलेला राहिलो.

काटकोनांनी दगड ठेवला, रबरी हातोडीने ठोकून बसवला आणि पुढच्या दगडाकडे हात केला.